जमिनीवर काय? कार्पेट, लाकूड, टाइल्स आणि घरात तीन मतं

निळीशाई:
नवं घर घेतलंय (आमच्यासाठी नवं, तसं चांगलं जुनं आहे). आधीच्या मालकांनी वर-खाली सगळीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घातलंय. त्याचा मूळ रंग करडा की हिरवा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते काढायचं एवढं पक्कं. पुढे काय, इथे तीन आठवडे गाडी अडलीय.

घरातली माणसं सांगते. आम्ही दोघं. मुलगी सात वर्षांची, सकाळी उठली की दहा-बारा शिंका ठरलेल्या. सासरे 76 वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन चालतात. त्यांची खोली तळमजल्यावर आणि मुलीची खोली वर, नेमकी त्यांच्या डोक्यावर. शिवाय एक कुत्रा, जो बरोबर काठी टेकायच्या जागी येऊन बसतो.

नवऱ्याला लाकूड हवंय. सासरे म्हणतात कार्पेटच ठेवा, पडलो तर हाडं शाबूत राहतील. माझं म्हणणं एवढंच, की जे काय घालाल ते मला दर रविवारी गुडघ्यावर बसून घासायला लागता कामा नये.

रात्रपाळी:
टाइल्स. पुढचा प्रश्न?

पायपुसणं:
रात्रपाळी, थंडीत पहाटे पाचला अनवाणी टाइल्सवर उतरा आणि मग इथे लिहा.

निळीशाई, काही ठरवायच्या आधी दाराजवळचा कार्पेटचा एक कोपरा पकडीने उचलून बघा. आम्ही उचलला तेव्हा वरची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ होती. आठवड्यातून दोनदा व्हॅक्युम फिरवायचो, त्यामुळे मी थोडा फुशारकीतच होतो. खाली विणलेली जाळी, तिच्याखाली फोमचा थर, बोट लावलं की पिवळा भुगा. आणि त्या फोमच्याही खाली, सिमेंटवर, टाल्कम पावडरीसारखी बारीक वाळू. नुसत्या त्या एका कोपऱ्यातून ओंजळभर निघाली. माझी व्हॅक्युमवरची श्रद्धा त्या दिवशी उडाली.

काढताना मास्क लावा, हातमोजे घाला. कडेने लाकडी पट्ट्या असतात, त्यांचे खिळे वर तोंड करून असतात आणि फार वाईट लागतात. अख्खं एकदम ओढू नका, कटरने हातभर रुंदीच्या पट्ट्या करून गुंडाळत जा. आणि घर जुनं आहे म्हणताय, तर खाली 9 इंची जुन्या विनाइल टाइल्स निघाल्या तर त्या फोडायच्या किंवा घासायच्या भानगडीत पडू नका. त्या काळातल्या अशा टाइल्समध्ये आणि त्यांच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

सूक्ष्मदर्शी:
शिंकांबद्दल लिहितो, कारण बहुतेक घरांत कार्पेटचा निकाल शिंकांवरून लागतो आणि अर्ध्या वेळा तो चुकीचा लागतो.

धुळीतले माइट म्हणजे बारीक किडे, साधारण 0.2 ते 0.3 मिमी. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात, म्हणून हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली टिकवली की ते वाळून मरतात. त्रास माइटचा कमी, त्याच्या विष्ठेचा जास्त. हे कण तसे जड असतात, ढवळले की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात.

आता माइटना सगळ्यात आवडती जागा कोणती? गादी आणि उशी. ऊब, ओलावा, कोंडा, सगळं एका जागी. मुलगी रात्रभर नाक उशीत घालून झोपते, कार्पेटमध्ये नाही. तेव्हा नुसती जमीन बदलून शिंका बंद होतील ही आशा ठेवू नका. गादी-उशीला घट्ट विणीची बंद कव्हरं घाला, चादरी आठवड्याला 60 अंशाच्या पाण्यात धुवा. आणि त्याही आधी अ‍ॅलर्जीची चाचणी करून घ्या. माइट नसून कुत्राच निघाला तर सगळी चर्चा फुकट.

लोकर_घ्या_लोकर:
कार्पेटच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून मी. कार्पेट धूळ धरून ठेवतं ही तक्रार म्हणून सांगतात, पण धरून ठेवतं म्हणजे ती हवेत नसते! टणक जमिनीवर तीच धूळ प्रत्येक पावलासरशी खोलीभर फिरते. पलंगाखालचे ते करडे गोळे कुठून येतात?

सूक्ष्मदर्शी:
अर्धं मान्य. धरून ठेवतं, पण सात वर्षांची मुलगी आणि कुत्रा त्यावर धावेपर्यंत. टणक जमिनीवरची धूळ फिरते खरी, पण ओल्या फडक्याने ती कायमची उचलता येते. कोरडा झाडू मारलात तर मात्र तुमचंच खरं, नुसती जागा बदलते.

कार्पेट ठेवलंच तर व्हॅक्युमला हेपा फिल्टर हवा (0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो तो). साधा व्हॅक्युम मागच्या बाजूने बारीक धूळ परत खोलीत फेकतो, आणि फिरवून झाल्यावर मुलीला जास्त शिंका येत असतील तर त्यामुळे. व्हॅक्युम चालू असताना तिला दुसऱ्या खोलीत ठेवा.

रात्रपाळी:
पायपुसणं, उतरून बघितलं. शब्द मागे घेतो.

ओळंबा:
माझा धंदाच हा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी गारपणाचा गैरसमज. रात्रभर एकाच खोलीत असलेली टाइल, लाकूड आणि कार्पेट यांचं तापमान सारखंच असतं. टाइल पायातली उष्णता झटकन ओढून घेते, लाकूड सावकाश, कार्पेट जवळजवळ नाहीच. म्हणून पायाला फरक लागतो. जमिनीखालून गरम करायची सोय असेल तर हाच गुण उलटा पडतो. टाइल खालची ऊब भराभर वर देते, कार्पेट अडवून धरतं. अशा जमिनीवर कार्पेट घालायचंच असेल तर कार्पेट आणि खालचा थर मिळून 2.5 टॉगच्या (उष्णता अडवण्याचं माप) वर जाऊ नये.

लाकडाबद्दल. दुकानात ‘वुडन’ म्हणून तीन-चार वेगळ्या गोष्टी दाखवतात. भरीव लाकूड म्हणजे 18-20 मिमी जाड फळी, घासून परत परत नवी करता येते, पण ओलाव्याने रुंदीत फुगते आणि आकसते. इंजिनियर्ड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली आडव्या-उभ्या प्लायचे थर. ती कमी हलते. वरचा थर 3 मिमीच्या पुढे असेल तर एक-दोनदा घासून घेता येते. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर लाकडाचा फोटो आणि वर कडक थर. ती घासता येत नाही. झीज सोसण्याचं तिचं माप एसी 1 पासून वर चढत जातं, वर्दळीच्या खोलीला एसी 4 मागा. ओरखड्याला ती बऱ्याचदा खऱ्या लाकडापेक्षा टणक. तिचा जीव मात्र सांध्यात. सांध्यात पाणी राहिलं की कडा फुगते आणि एकदा फुगलेली कडा परत बसत नाही.

चौथी विनाइलची, हल्ली एसपीसी म्हणून मिळते. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची फळी. पाण्याला घाबरत नाही. तिच्यात वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारा, एकूण जाडी नव्हे. कुत्रा असलेल्या घरात 0.5 मिमी, त्याखाली जाऊ नका. आणि त्यावर मागे रबर लावलेलं पायपुसणं (सदस्य पायपुसणं यांनी राग मानू नये) कधीही टाकू नका. रबरातला पदार्थ विनाइलमध्ये उतरतो आणि पिवळा डाग पडतो. तो जन्मात निघत नाही.

क्लिक करून बसवायच्या फळ्या कुठल्याही असोत, भिंतीपासून 8-10 मिमी जागा सुटलीच पाहिजे. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. घाईत भिंतीला चिकटवून बसवलेली जमीन फुगण्याच्या दिवसांत मधोमध उचलली गेलेली मी किती वेळा पाहिलीय. घरमालक म्हणतो माल खराब. माल बिचारा चांगला असतो.

शेपूट_हलतं:
कुत्र्याबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन गोष्टी.

गुळगुळीत जमिनीवर कुत्र्याचे पाय फाकतात. तरुण आहे तोवर गंमत वाटते, म्हातारा झाला की उठता येत नाही. जाण्या-येण्याच्या वाटेवर न सरकणारी पट्टी लागते.

दुसरी, लघवी. कार्पेटवर वरून दिसतो हाताच्या पंज्याएवढा डाग, खाली फोममध्ये तो त्याच्या दुप्पट पसरलेला असतो. वरून कितीही साफ करा, दमट दिवस आला की वास परत. आमच्याकडे शेवटी तेवढा चौकोन कापून खालचा फोमच बदलला. डाग ताजा असेल तर घासायचं नाही, फडकं दाबून धरायचं, परत दाबायचं, मग एन्झाइमचं औषध. लोकरीच्या कार्पेटवर अमोनिया किंवा ब्लीच चुकूनही नाही.

लूप पद्धतीचं कार्पेट (धाग्याचे फासे न कापलेलं) घेऊ नका. नख अडकलं की एक धागा ओढला जातो आणि मग पूर्ण ओळ उसवत जाते. मोज्याची शिवण उसवते ना, अगदी तशी.

काठीवाली_मावशी:
मी अनेक वर्षं पडलेल्या माणसांना परत चालायला लावण्याचं काम केलंय. निळीशाई, तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मऊ जमिनीवर पडलं तर मार कमी बसतो. पण मऊ जमिनीवर मुळात पडायची शक्यता वाढते, ते त्यांना सांग.

जाड, लुसलुशीत कार्पेटखाली जाड फोम असला की काठीचं टोक आत रुततं आणि माणूस पाय उचलायचा तो फरफटत नेतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तेवढंही पुरतं. वॉकर किंवा चाकाची खुर्ची तर त्यावर ढकलवत नाही. कार्पेटच हवं असेल तर आखूड, दाट वीण, खाली पातळ आणि कडक थर, पूर्ण खोलीत ताणून बसवलेलं.

सगळ्यात वाईट काय ठाऊक आहे? चकचकीत टाइल्सवर टाकलेला सुटा छोटा गालिचा. दोन्हीकडचे तोटे एका जागी. कड दुमडते, नाहीतर अख्खा सरकतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न ‘पलंगाशेजारी काय अंथरलंय’ हाच विचारायचे.

टाइल्स घेतल्या तर न घसरण्याचं माप बघा. आर 9 ते आर 13 असतं, 9 म्हणजे सर्वांत कमी पकड. न्हाणीघराच्या वाटेवर आर 10 तरी असू दे. फार वर गेलीस तर इतकी खरबरीत की पुसताना फडकं अडकतं. आणि दोन खोल्यांच्या मध्ये जाडीचा फरक पडू देऊ नकोस. वीतभर उंचीची पायरी माणसाला दिसते, बोटाच्या पेराएवढी दिसत नाही.

निळीशाई:
मावशी, हे सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पलंगाशेजारचा गालिचा त्यांनी स्वतःच काठीने ढकलून बाहेर काढला. कार्पेटचा हट्ट मात्र कायम आहे. आता म्हणतात, पडण्याचं राहू दे, वरच्या धावपळीचं काय?

ओळंबा:
तो मुद्दा सासऱ्यांनी बिनतोड काढलाय.

आवाज दोन जातींचे. बोलणं, टीव्ही हे हवेतून येतात, त्यावर कार्पेटचा उपयोग खालच्या मजल्यापुरता फारसा नाही. पावलं, खुर्ची ओढणं, चेंडू आपटणं हे जमिनीतून येतात, आणि त्यांना जन्मतःच मारायचं तर कार्पेट आणि खाली फोम याच्या तोडीचं काही नाही. टणक फळ्यांखाली घालायचे रबराचे, कॉर्कचे थर मदत करतात, पण तेवढी नाही.

तेव्हा वरच्या खोल्यांत कार्पेट आणि खालच्या मजल्यावर टणक, असं वाटून घ्या. एकाच घरात एकच जमीन पाहिजे असा काही नियम नाही.

सूक्ष्मदर्शी:
आणि मुलीच्या खोलीतच कार्पेट? मी इतका वेळ काय लिहीत होतो?

ओळंबा:
तिच्या खोलीत टणक जमीन घ्या, खाली चांगला आवाजरोधक थर, आणि वर एक मोठा सुटा गालिचा, जो उचलून बाहेर झटकता येतो, उन्हात टाकता येतो, पूर्ण धुता येतो. भिंतीला खिळलेल्या कार्पेटला यातलं काहीच करता येत नाही. भांडण कार्पेट विरुद्ध फरशी असं लावतात लोक. माझ्या मते खरी निवड उचलता येणारं की न येणारं, ही आहे.

(मावशी, पलंगाएवढा मोठा, खाली न सरकणारी जाळी आणि पोरीच्या खोलीत. सासऱ्यांच्या नव्हे.)

काठीवाली_मावशी:
चालेल.

लोकर_घ्या_लोकर:
गालिचा घ्याल तर लोकरीचा. दाबलेला धागा परत उभा राहतो, ठिणगी पडली तर जळत जात नाही, नुसता काळा होऊन विझतो. नायलॉन झिजेला चिवट. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचे डाग राहत नाहीत, पण तेलकट डाग घट्ट बसतो आणि जड खुर्ची ओढली तर घर्षणानेच वितळल्यासारखी चमकती रेघ उठते. लोकरीचा तोटाही सांगतो, कसर लागते. वर्षभर कपाटाखाली न हललेला भाग आधी खाल्ला जातो.

मधलीखोली:
आम्ही तीन वर्षांपूर्वी बैठकीत हौसेने पांढरा पॉलिश केलेला संगमरवर घातला. खुणेसाठी सांगते, संगमरवराचं काठिण्य मोह्जच्या मापावर 3 आणि वाळूतल्या क्वार्ट्झचं 7. चपलेला चिकटून आलेला एक कण पुरतो. आज सकाळच्या उन्हात दारापासून सोफ्यापर्यंतची वाट स्पष्ट दिसते, निस्तेज पट्टा. कुठल्याही आम्लाने डाग पडतो तो वेगळा, कारण तो डाग नसतोच, दगडच खाल्ला गेलेला असतो. नवऱ्यांना लाकूड हवंय तर घेऊ द्या बाई.

रात्रपाळी:
मग टाइल्स! (परत आलो.) व्हिट्रिफाइड, पाणी अर्धा टक्काही पीत नाहीत, आम्लाचं भय नाही.

मधलीखोली:
आणि मधल्या चरांचं काय? तिथला ग्राउट टाइलसारखा नसतो. तो पाणी पितो, काळा पडतो आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसायचं. निळीशाईंनी नेमकं तेच नको म्हटलंय. टाइल्सच घ्यायच्या तर मोठ्या आकाराच्या घ्या, चर कमी. शक्य असेल तर इपॉक्सी ग्राउट (पाणी न पिणारा) भरून घ्या.

ओळंबा:
एक राहिलंच, आणि खरं तर हे पहिलं लिहायला हवं होतं. तळमजल्याची काँक्रीट जमीन थेट मातीवर आहे का? असेल तर कार्पेट उचलल्यावर ओल तपासा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, काँक्रीटवर सपाट ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, निदान 16 तास हात लावू नका. प्रत्येक खोलीत एक, आणि बाहेरच्या भिंतीजवळ एक जास्तीचा. मग उचलून बघा. खालच्या अंगाला थेंब किंवा काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर त्यावर लाकूड नाही, लॅमिनेट नाही, कार्पेट तर नाहीच. आधी ओल कुठून येते ते शोधायचं.

पायपुसणं:
याला अनुमोदन. आमच्याकडे कार्पेट पाइप फुटून भिजलं तेव्हा ‘वाळेल की’ म्हणून तीन दिवस पंखा लावून बसलो. ओलं कार्पेट एक-दोन दिवसांत कोरडं झालं नाही तर बुरशी धरते. आमच्याकडे धरली.

निळीशाई:
उशीर झाला, माफ करा. घरात धूळच धूळ होती.

खालचं सगळं कार्पेट निघालं. 9 इंची टाइल्स नव्हत्या, नुसतं काँक्रीट. वाळू पायपुसणं यांच्यापेक्षा आमच्याकडे जास्त निघाली, नवऱ्याने हट्टाने बादलीत भरून फोटो काढलाय.

परवा संध्याकाळी पाच ठिकाणी प्लास्टिक लावलं, काल दुपारी काढलं. चार जागी खडखडीत. पाचवा तुकडा सासऱ्यांच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून हातभर. प्लास्टिक उचलायच्या आधीच आतून धुकं दिसत होतं. उचललं तर खालून टपोरे थेंब, आणि काँक्रीटवर प्लास्टिकच्या मापाचा गडद चौकोन. सासरे काठीवर हनुवटी टेकवून बघत होते. म्हणाले, ‘म्हणजे मी इतके दिवस डबक्यावर झोपतोय.’

बाहेर जाऊन पाहिलं. छपराच्या पाण्याचा पाइप जमिनीपासून दोन वीत वर तुटलेला आणि त्याचं तोंड बरोबर भिंतीकडे. शिवाय आधीच्या मालकांनी भिंतीला लागून मातीचा वाफा केलेला. म्हणजे वरून पाणी आणि भिंतीला ओली माती.

ओळंबा:
सापडलं ना! पाइपला कोपर लावून पाणी भिंतीपासून निदान पाच-सहा फूट लांब सोडा. वाफा हलवा, बाहेरची माती घराच्या आतल्या जमिनीपेक्षा खाली आणि उतार घरापासून लांब. मग काँक्रीट उघडंच ठेवा, घाई नको. महिन्याभराने परत प्लास्टिक. कोरडं निघेपर्यंत त्या खोलीचा ऑर्डर देऊ नका.

निळीशाई:
पाइप कालच लावून घेतला. सासऱ्यांना तात्पुरतं बैठकीत हलवलंय, कुत्रा खूश आहे.

सध्या ठरलंय ते असं: बैठकीत आणि वरच्या दोन्ही खोल्यांत इंजिनियर्ड लाकूड, वरच्या मजल्यावर त्याच्याखाली आवाजरोधक थर आणि मुलीच्या खोलीत मोठा गालिचा. स्वयंपाकघरात मोठ्या टाइल्स. सासऱ्यांच्या खोलीचं दुसऱ्या चाचणीनंतर. तिथे ते आता स्वतःच विनाइल म्हणतायत, कार्पेटचं नावही काढत नाहीत. मुलीची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. गादीचं कव्हर आणि गरम पाण्यातल्या धुण्याने शिंका सहा-सातवर आल्या आहेत, तिच्या खोलीच्या जमिनीला अजून कुणी हातही लावलेला नाही.

एकच अडलंय. जिना. तिथे लाकूड उघडं ठेवू की पट्टी घालू?

काठीवाली_मावशी:
कुत्रा आणि पळणारी मुलगी? पट्टी घाल. आखूड विणीची, प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात घट्ट ठोकलेली.

लोकर_घ्या_लोकर:
धाग्याचा कल वरून खाली उतरता हवा, हात फिरवून बघा. आणि हातभर जास्त घेऊन वरच्या टोकाला दुमडून ठेवा. पायऱ्यांच्या कडा झिजल्या की पट्टी थोडी खाली सरकवायची, झिजलेली जागा उभ्या भागावर जाते.

रात्रपाळी:
जिन्यावर टाइल्स नकोत. हे मी म्हणतोय, नोंद घ्यावी.